किल्लीवाली आणि दोन कॉलेजांची कुलपं

बाजाराच्या तोंडाशी, घड्याळवाला आणि छत्रीवाला यांच्या मधे, धड चार फूटही रुंद नाही अशा लाकडी खोक्यात ती बसायची. पाठीमागच्या फळीवर खिळे आणि खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्या, साडेतीनशेच्या वर. समोर किल्ली कापायचं मशीन, उजव्या हाताला कानशी, डाव्या हाताला तेलाची बुधली. तिला नाव होतं, पण ते बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे किल्लीवाली म्हणायचे, तोंडावर किल्लीवाल्या ताई. काम वडिलांकडून शिकलेलं. माहेरून दुसरं काही आलं नाही, हे मशीन तेवढं आलं.

आणि बाईला एक खोड होती. ती कुलपावरून माणूस ओळखायची. कुणाच्या घरी कामाला गेली की आधी वाकून कुलपाच्या भोकाला डोळा लावायची आणि घरातलं सगळं सांगून मोकळी व्हायची. भोकाभोवती ओरखडे दिसले तर घरधनी पिऊन येतो, हात ठरत नाही. जुन्या दाराला दोन नवी कुलपं म्हणजे भावाभावांत बिनसलंय. भोकाची कड घासून चकचकीत झाली असेल तर दार रोज उघडतंय, आतला कारभार चालू आहे. भोकात गंज चढला, कोळ्यानं जाळं धरलं, तर आत नुसती धूळ. कुलूप खोटं बोलत नाही, असं ती म्हणायची, आणि दहांतल्या नऊ वेळा तिचं बरोबर निघायचं. घड्याळवाला चिडवायचा, ताई, तुम्ही पोलिसात जायचं सोडून इथं कशाला बसलात! बाई वरवर हसायची, पण आतून फुशारायची. आता माणूस इतक्या वेळा बरोबर आला की स्वतःला दोन प्रश्न विचारायचं सोडूनच देतो. तिचंही तेच झालं, आणि तेही कुठं, तर पोटच्या पोरीच्या बाबतीत.

लेकीला घरात मुंगी म्हणत. लहान चणीची, सतत कशात तरी गुंतलेली, धरलेलं न सोडणारी. नवरा बोटीवर स्वयंपाकी, आठ-आठ महिने पाण्यावर, त्यामुळे घर म्हणजे या दोघीच. मुंगीला कॉम्प्युटरचं वेड. कुठल्याशा ऑफिसनं टाकून दिलेला एक डबा तिनं उघडून, झटकून, चालू केला होता आणि कुठली कोरी किल्ली कुठल्या खिळ्यावर आहे ते सांगणारा प्रोग्राम आईसाठी लिहिला होता. आई तो वापरायची नाही, तिला खिळे पाठ होते. गिऱ्हाइकांना दाखवायची मात्र आवर्जून. शाळेची शेवटची परीक्षा झाली, मार्क बरे पडले, आणि मुंगी म्हणाली, मला हेच शिकायचंय. शिक की, आई म्हणाली. पण शिकायचं कुठं, यावरून दोघींची झोप उडाली.

समोर दोन कॉलेजं होती. एक जुनं सरकारी. पोपडे उडालेल्या भिंती, गेटावर पत्र्याची पाटी, आणि फी इतकी कमी की खोक्याच्या कमाईत सहज भागावी. तिथल्या यादीत मुंगीचा नंबर लागला होता. गुरुवारी दुपारी चारच्या आत तिनं स्वतः येऊन जागा पक्की करायची, नाहीतर चारवर एक मिनिट झालं तरी ती पुढच्या नंबराला जाणार, असं कागदावर ठळक छापलं होतं. दुसरं नवं, सगळं काचेचं. फी चौपट. पहिला हप्ता एकदा भरला की परत मिळणार नाही, हे मात्र तिथल्या कागदावर अगदी बारीक अक्षरांत होतं.

स्वस्त म्हटलं की किल्लीवाली आधी नाक मुरडायची. स्वस्तातली कोरी किल्ली काय करते हे तिला चांगलं माहीत होतं. पहिले चार दिवस छान चालते आणि नेमक्या घाईच्या वेळी कुलपात मोडून बसते. पोरीचं शिक्षण तसं निघालं तर? तीन वर्षं वाया आणि हातात मोडका तुकडा. म्हणून तिनं ठरवलं, दोन्ही कॉलेजं स्वतः बघायची, आणि आपल्या पद्धतीनं बघायची.

काचेच्या कॉलेजात गळ्यात ओळखपत्र घातलेली एक बाई तिला फिरवायला आली. भिंतीवर टाय बांधलेल्या हसऱ्या पोरांचे फोटो, खाली त्यांच्या पगाराचे आकडे. किल्लीवालीनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फोटो काय, कुणीही लावतं. कॉम्प्युटरच्या खोलीपाशी पोचल्यावर ती वाकली. भोकाची कड घासून चांदीसारखी झालेली. बाईनं किल्ली घातली, लोण्यात सुरी जावी तशी ती फिरली. आत चाळीस खुर्च्या, चाळीस पडदे. कुणी नव्हतं, पण सुट्टीच होती ना. किल्लीवालीचं समाधान झालं. हे दार रोज उघडतंय.

मग ती जुन्या कॉलेजात गेली. तिथंही सुट्टीच. खाली बसलेला म्हातारा पहारेकरी म्हणाला, जा की वर, बघून या. वरच्या मजल्यावर व्हरांड्याच्या टोकाला पाटी होती, दार बंद होतं. ती वाकली आणि तिचं तोंडच कडू झालं. भोकात तांबूस गंज, त्यावर कोळ्याचं जाळं, जाळ्यात वाळलेली माशी. तिनं पिशवीतली बारीक तार आत घालून पाहिली, आतलं काही हललं नाही. कुठून तरी पंख्याची घरघर येत होती. सुट्टीत पंखे चालू ठेवतात, सरकारी वीज, कुणाच्या बापाचं काय जातंय, असं पुटपुटत ती जिना उतरली.

घरी आल्यावर तिनं निकाल देऊन टाकला. जुन्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीला वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही, तिथं जायचं नाही. मुंगीनं परोपरीनं सांगून पाहिलं. तिथं शिकलेल्या दोन मुली तिच्या ओळखीच्या होत्या, चांगलं शिकवतात म्हणत होत्या. आई म्हणाली, लोक आपल्या कॉलेजाला वाईट कशाला म्हणतील? मुंगी म्हणाली, पण पैसे कुठून आणायचे. आईनं मशीनकडे बोट दाखवलं. हार्डवेअरच्या दुकानदाराला ते कधीपासून हवं होतं, इसारही तिनं घेऊन टाकला होता. शुक्रवारी तो मशीन उचलणार. मग काय, मशीन यायच्या आधी तिचे वडील कानशीनं किल्ल्या घासायचे, तशी ती घासेल. दिवसाला साठ होतात त्या पंधरा होतील. काही मरत नाही माणूस.

"मशीन विकू नकोस, आई," मुंगी म्हणाली. "मला ते नको आहे."

"तुला काय हवं ते तुला अजून कळत नाही. वीस वर्षं मी कुलपं बघतेय. कुलूप खोटं बोलत नाही."

बोटीवरून नवऱ्याचा फोन आला, तेव्हा दोघींनी आपापली बाजू मांडली. त्यानं दोन्ही ऐकून घेतल्या आणि म्हणाला, तुम्ही दोघी ठरवाल ते खरं. म्हणजे सालाबादप्रमाणे हात वर. दोन दिवस घरात भांड्यांचा तेवढा आवाज होता.

गुरुवारी सकाळी किल्लीवालीनं इसाराच्या पैशाचं पाकीट मुंगीच्या हातात दिलं आणि तिला काचेच्या कॉलेजात पाठवलं. स्वतःही गेली असती, पण एका वसतिगृहाच्या चाळीस किल्ल्या करून द्यायच्या होत्या आणि मशीन हाताशी असण्याचा तो शेवटचा दिवस होता. पोरगी दारातून वळून काहीतरी बोलणार होती. आई म्हणाली, उशीर होतोय, नीघ.

सव्वादोनच्या सुमाराला खोक्यापुढे जुन्या कॉलेजातला तो म्हातारा पहारेकरी येऊन उभा राहिला. एक कुलूप फिरत नाहीये, किल्ली आहे पण अडकते, आत्ताच्या आत्ता येता का? कुठलं कुलूप, तिनं विचारलं. कॉम्प्युटरच्या खोलीचं. उद्यापासून इमारत रंगवायला घेताहेत, चार दिवस रंगाऱ्यांची ये-जा, तेव्हा दुरुस्ती झालीच पाहिजे. बाईला हसू आवरेना. बघा, म्हणजे रंगारी आले तेव्हा यांना खोलीची आठवण झाली! आपण बरोबर होतो, याचं एक सुख असतं, ते तोंडात घोळवत तिनं पिशवी उचलली. गंमत म्हणजे मशीन जाणार याचं दुःखही त्या सुखात थोडं हलकं झालं.

व्हरांड्याच्या टोकाला दार बंदच होतं. तिनं बैठक मारली, पिशवी बाजूला ठेवली, जाळं काढलं, तेल सोडलं, तारेनं गंज खरवडला. आतल्या पट्ट्या एकेक करून हलायला लागल्या. जुनी किल्ली घालून अर्धी फिरवून पाहिली. अजून साफ करायला हवं होतं, पण कुलपात जीव आला होता. कपाळावरचा घाम पुसत ती म्हाताऱ्याला म्हणाली, आता दहा मिनिटांत दार उघडून देते.

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. "उघडायचं कुठं आहे ताई? लावायचंय." आणि त्यानं कोपरानं दार ढकललं.

दार उघडलं. आत पंधरा-वीस पोरंपोरी, एकेका कॉम्प्युटरपुढे दोघं-दोघं, खुर्च्या कमी पडल्या म्हणून तिघं स्टुलांवर. कॉम्प्युटर जुने, बटणांवरची अक्षरं पुसून गेलेली. एक मास्तर जमिनीवर मांडी घालून एका उघड्या डब्यात हात घालून बसलेले, भोवती चार पोरं डोकी खुपसून. डोक्यावर पंखा घरघरत होता. दारात कोण आलंय हे बघायलाही कुणाची मान वर झाली नाही.

"सुट्टी आहे ना?" किल्लीवालीच्या तोंडून कसंबसं निघालं.

"सुट्टी कागदावर," म्हातारा म्हणाला. "सकाळी सहाला पहिली तुकडी येते, शेवटची उठते तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात. पुढं मी इथंच दाराशी पथारी टाकतो. आठ वर्षं झाली मला. कुलूप लावायचं कधी?"

त्या दिवशी ती या दारापर्यंत आली होती. गंज पाहिला, जाळं पाहिलं, तार घालून पाहिली. दार ढकलून पाहिलं नव्हतं. तिच्या डोक्यातच आलं नाही. दुसरी कुठलीही आई असती तर तिनं आधी दारच ढकललं असतं, पण हिचा हात दाराशी गेला की कुलपाकडे वळायचा, दारात कुलपापलीकडे आणखी काही असतं हे ती विसरली होती. मूर्ख बाई, ती स्वतःला म्हणाली, मूर्ख, मूर्ख, आणि वर पोरीला अक्कल शिकवतेस.

भिंतीवर घड्याळ होतं. पावणेतीन. मुंगी सकाळी दहाला गेलेली. तिनं फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा लावला. मग फोन पिशवीत टाकला, आलेच म्हणाली आणि किल्ली कुलपात तशीच सोडून पळत सुटली. म्हातारा मागून काहीतरी विचारत होता, ते तिच्या कानापर्यंत पोचलं नाही.

रिक्षात बसल्यावर तिला कळलं की हातात पिशवी नाही आणि फोनही नाही. परत फिरायला वेळ नव्हता. पैसे भरून झाले असतील तर? मशीनही गेलं, पैसेही गेले, आणि पोरगी तीन वर्षं त्या रिकाम्या खुर्च्यांत. सगळं आपल्या एका डोळ्यानं केलं. रिक्षावाला निवांत गाणं गुणगुणत होता, त्याला दोन फटके द्यावेत असं तिला वाटलं.

काचेच्या कॉलेजात पोचली तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. पैसे भरायच्या खिडकीवर आकड्यांची पाटी होती, तिच्यावर त्रेसष्ट दिसत होता. मुंगी समोरच्या बाकावर पाकीट मांडीवर घेऊन बसली होती. चेहरा एवढासा झालेला. तिच्या मुठीतल्या चिठ्ठ्या आईनं ओढून घेतल्या. पहिलीवर सतरा होतं.

"भरलेस?"

"नाही." पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सतरा आला, मी उठलेच नाही. मग म्हटलं, थोड्या वेळानं भरते. ते परत नंबर देतात. तीनदा दिला."

"आणि फोन का घेत नव्हतीस?"

"तू विचारलं असतंस, भरले का. खोटं बोलायचं नव्हतं तुझ्याशी. आणि पैसेही भरवत नव्हते."

तेवढ्यात ती ओळखपत्रवाली बाई सात-आठ आईबापांचा घोळका घेऊन आली, समोरच्या कॉम्प्युटरच्या खोलीचं कुलूप उघडलं, सगळ्यांना दारातून आत डोकावू दिलं, आणि घोळका पुढं सरकताच कुलूप परत लावलं. लोण्यात सुरी. मुंगी हळूच म्हणाली, सकाळपासून ही अकरावी वेळ. आत बसायला एकदाही कुणी आलं नाही.

म्हणजे कड चकचकीत होती ती अशी. दाखवायला उघडायचं आणि दाखवून झालं की लावायचं. किल्लीवालीनं पोरीचं मनगट धरलं आणि तिला उठवलं. माझं चुकलं, चल, एवढंच म्हणाली. काय चुकलं ते रिक्षात सांगितलं, तेही धापा टाकत, अर्धंमुर्धं. मुंगी पाकीट छातीशी घट्ट धरून सारखी रस्त्याकडे बघत होती. पुढं पाइप टाकायला रस्ता खणला होता, गाड्यांची रांग जागची हलेना. साडेतीन. दोघी उतरल्या आणि पळायला लागल्या. आईला पळायची सवय कुठली, दिवसभर बसून काम. पोटात कळ आली तरी थांबली नाही.

जुन्या कॉलेजाच्या ऑफिसात पोचल्या तेव्हा चारला चौदा मिनिटं होती. खिडकीपुढे दोघं जण होते. एकाचा कागद कमी, तो वाद घालत बसला. कारकून शांतपणे त्याला तेच तेच समजावत होता आणि मागं या मायलेकींचा जीव टांगणीला. नंबर आला तेव्हा दहा मिनिटं उरली होती. कारकुनानं मुंगीचा कागद पाहिला, चष्मा वर केला, आज सकाळपासून वाट बघतोय म्हणाला, मला वाटलं येत नाही तुम्ही. मुंगीनं सही केली. त्यानं पटापटा काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, आईच्या फोनवर सहा आकडे येतील, ते सांगा, की झालं.

किल्लीवालीचा हात कमरेकडे गेला. फोन वर होता. पिशवीत.

तुम्ही परत पाठवू शकाल ना, मुलीच्या फोनवर पाठवा ना, तिनं गयावया केली. कारकून म्हणाला, अर्जावर तुमचा नंबर आहे, आता बदलता येत नाही, आणि चारला कॉम्प्युटर आपोआप यादी बंद करतो, माझ्या हातात काही नाही. तो वाईट माणूस नव्हता, त्याचाही चेहरा पडला होता. जा वर, पळा, म्हणाला. मुंगीला खिडकीशी उभी करून ती जिन्याकडे धावली.

वर व्हरांड्यात पहारेकरी दाराशी झटापट करत होता. उद्या रंगारी येणार म्हणून तीन वाजताच मास्तरांनी पोरांना घरी पाठवलं होतं. म्हाताऱ्यानं खोली झाडली, ताईंची पिशवी बाहेर पडलीये, चोरीला जायला नको म्हणून ती आत नेऊन ठेवली, आणि दार ओढून किल्ली फिरवली तर काय, कुलूप मस्त लागलं! आनंदानं उघडायला गेला तर उघडेना. अर्धा तास तो खटपट करत होता. बिचारा घामानं निथळत होता. सरका, ती म्हणाली. तिचा आवाज ऐकून तो चटकन बाजूला झाला.

हत्यारं आत, तेल आत, तार आत. हातात एक झिजलेली जुनी किल्ली आणि सात मिनिटं. तिनं गुडघे टेकले. घाईच्या हातानं कुलूप उघडत नसतं हे तिला बापानं शिकवलं होतं. दोन श्वास तिनं वाया घालवले, मुद्दाम. मग किल्ली हलक्या बोटांनी फिरवली आणि कुठं अडते ते चाचपलं. आत पाच पट्ट्या, किल्लीचा एकेक दात एकेक पट्टी उचलणार, पाचही नेमक्या उचलल्या की जीभ सरकणार. पहिली उचलली गेली. दुसरी गेली. तिसरीपाशी किल्ली ठेचकाळली. तिसरा दात झिजला होता. लावताना ओल्या तेलात पट्टी कशीबशी वर गेली असणार, आता ती खाली बसली होती आणि दात तिच्यापर्यंत पोचत नव्हता. केसभर कमी. मशीन हाताशी असतं तर दोन मिनिटांत नवी किल्ली कापली असती.

"खिशात काय आहे तुमच्या?" तिनं विचारलं.

म्हाताऱ्यानं खिसे उलटे केले. रुमाल, चष्म्याचं घर, बिडीचं बंडल, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी. तिनं गोळ्यांची पट्टी हिसकावली, मागचा चंदेरी कागद नखानं सोलला, नखाएवढा तुकडा फाडला, दुहेरी केला आणि तिसऱ्या दातावर गुंडाळून दातांनी चावून घट्ट बसवला. खालून मुंगीची हाक आली, आई, चार मिनिटं! किल्ली आत घातली. कागद फाटला. तिनं दुसरा तुकडा घेतला, या वेळी तिहेरी. मनातल्या मनात ती कुलपाशी बोलत होती, उघड रे बाबा, मी तुझ्याविषयी वाईट बोलले, चूक माझी होती, त्यात पोरीचा काय दोष, उघड. हळू, अगदी हळू फिरवलं. पहिली. दुसरी. तिसरीपाशी किल्ली क्षणभर अडली, आणि पट्टी वर गेली.

जीभ सरकल्याचा आवाज झाला, आणि या वेळी बाईनं दार ढकललं, खांद्यानं, सगळा जोर लावून. पिशवी टेबलाखाली होती. फोन काढला, हातातून निसटला, परत उचलला. मुंगी खालून ओरडली, परत पाठवलाय, आई! ती जिन्याच्या कठड्याशी आली आणि मोठ्यांदा आकडे वाचले, एकेक तोडून, सहाच्या सहा. खाली मुंगीनं ते खिडकीत सांगितले. मग काही ऐकू येईना. कारकुनाची बटणं वाजत असतील तर तीही ऐकू येईनात. किल्लीवाली कठडा धरून उभी राहिली. आयुष्यात इतके लांब पंधरा सेकंद तिनं कधी काढले नव्हते.

"झालं!" कारकून ओरडला. खरं तर ओरडायची त्याला गरज नव्हती.

ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. म्हातारा पाणी आणतो म्हणून गेला. मुंगी वर आली, हातात शिक्क्याचा कागद, आणि आईच्या शेजारी बसली. खालच्या घड्याळात चारचे ठोके पडले. दोघींनी ते मोजले, एकमेकींकडे न बघता.

मशीनचा इसार उद्या सकाळीच परत करून येते, आई म्हणाली. मुंगी हो म्हणाली. मग कागदाकडे बघतच ती बोलली.

"तू आणखी अर्धा तास आली नसतीस तर मी भरले असते, आई. चौथी चिठ्ठी घेऊन झाली होती. मनात पक्कं केलं होतं, की भरून टाकायचे."

"तुला माहीत असून? समोर ते दार अकरा वेळा बघून?"

"तू सांगितलं होतंस ना."

कुलूप अडलं तेव्हा भीती वाटली नव्हती तेवढी किल्लीवालीला आता वाटली. पोरगी सगळं डोळ्यांनी बघत होती, आणि तरी भरणार होती. केवळ आईचा शब्द म्हणून. तिनं तेलानं काळा झालेला हात पदराला पुसला आणि मुंगीच्या पाठीवर ठेवला.

"पुढच्या वेळी नाही भरायचे," ती म्हणाली. "मी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी, तुझ्या डोळ्यांना दिसत असेल तर नाही भरायचे."

"आणि तू चिडलीस तर?"

"चिडेन," आई म्हणाली. "चिडू दे मला."